फळ्यावरचे ३१ आणि कागदावरचे ३२

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी चार मैदानं गाठायची होती. सकाळी जळगावात महिलांचा खो-खो, दुपारी अमळनेरला कबड्डीचा अंतिम सामना, संध्याकाळी अमळनेर-धुळे रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात यात्रेची कुस्त्यांची दंगल आणि रात्री धुळ्यात व्हॉलीबॉल. जळगावहून पाळधी-धरणगावमार्गे अमळनेर साठेक किलोमीटर, तिथून धुळे पस्तीस-चाळीस. मोटरसायकलवर एवढं अंतर काहीच नाही. क्रीडा बातमीदाराचा असा दिवस बिघडतो तो सामन्यांच्या वेळेनं. पत्रिकेवर छापलेली वेळ एक असते आणि खेळाची स्वतःची वेळ दुसरी.

खो-खोची वेळ सगळ्यांत इमानी. नऊ मिनिटांची पाळी, अशा चार पाळ्या, म्हणजे ३६ मिनिटं. मधल्या विश्रांती धरून सामना पन्नास मिनिटांत हातावेगळा होतो. शेवटी आक्रमण करणाऱ्या संघानं समोरच्याचे गुण आधीच ओलांडले तर त्याहूनही लवकर. बातमीत ‘एक गुण आणि साडेतीन मिनिटं राखून’ असं येतं ते यामुळेच. म्हणून दिवसाची सुरुवात खो-खोनं करावी. पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं तरी हा सामना तरी पूर्ण पाहिलेला असतो.

उभं राहायचं ते मंडपाजवळ नाही, खांबाजवळ. गडी तिथे बाद होतात. त्या दिवशी उत्तरेकडच्या खांबापासून पाच-सहा पावलांवर बसून जे दिसलं ते पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून दिसलं नसतं. आक्रमक मुलगी खांबाकडे पूर्ण वेगात येते, डाव्या हाताची पकड खांबावर बसते, सगळं अंग त्या एका हातावर बाहेर झुकतं आणि उजव्या हाताची बोटं पळणारीच्या पाठीला लागतात. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. पकड खांबाच्या वरच्या टोकाला बसली तर अंग फेकलं जातं आणि हात पोहोचायच्या आधीच तोल जातो. कमरेच्या उंचीला बसली तरच सूर लांब जातो. फोटो हवा असेल तर शटर १/१००० च्या खाली नको, आणि नेम पळणारीवर न धरता खांबावर धरून ठेवायचा.

संरक्षणाची वेळ गुणलेखकाकडूनच घ्यावी. गुणपत्रकावर गडी बाद झाला त्या क्षणाची धावती वेळ असते. आधीचा गडी बाद झाल्याची वेळ त्यातून वजा केली की या खेळाडूचं संरक्षण निघतं. धावती वेळच संरक्षण म्हणून छापली गेली, तर तिसरी खेळाडू विनाकारण पाच मिनिटं पळालेली दिसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हापासून प्रेक्षकांना तसेच मोठे आकडे अपेक्षित असतात. तिथे गुण मोजायची पद्धत वेगळी होती, पाळ्याही छोट्या होत्या. आपल्या मातीवर अजून एका गड्याला एकच गुण, आणि ९-८ हा अटीतटीचा सामना असतो. बातमीत हे एका ओळीत सांगितलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

पावणेदहाला जळगाव सोडलं. अमळनेरचा सामना पत्रिकेवर अकराचा होता. सुरू झाला बारा वाजून दहा मिनिटांनी. कारण पाणी. मातीच्या मैदानाला आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी पाजून, रोलर फिरवून, सकाळी फक्त हलका शिडकावा मारायचा असतो. इथे सगळं पाणी सकाळी नऊला मारलं होतं. वरचा थर निसरडा, खालची माती कोरडी, अशा मैदानावर चढाई करणारा पाय फिरवतो तेव्हा वरचा पापुद्रा सुटतो आणि घोटा जातो. सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, खेळ सुरू करायला नकार दिला, आणि ते अगदी योग्य होतं. ऊन लागून वरचा थर सुकेपर्यंत थांबणं एवढंच हातात होतं.

त्यात दुसरी अडचण फक्कीची, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीची. ओल्या मातीवर टाकलेली फक्की पहिल्या दहा मिनिटांत पायाला लागून निघते. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. मध्यरेषा पुसली तर फार बिघडत नाही, बोनस रेषा पुसली की प्रत्येक चढाईला वाद होतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत, एवढ्यावर गुण ठरतो. रेषा बोटभर फिकी झाली की पंचाला पाय दिसतो, रेषा दिसत नाही. मध्यंतरात फक्की पुन्हा मारून घ्या, असं आयोजकांना सुचवायला हरकत नाही. त्या दिवशी ती मारली गेली आणि उत्तरार्धात बोनसवरून एकही वाद झाला नाही.

वाद झाला तो शिट्टीनंतर. फळ्यावर ३१-३० होते, यजमान गावाचा संघ पुढे. कर्णधाराला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, आणि मिनिटाभरात फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून जिल्हाभर गेला. गुणलेखक सर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या कागदावर ३१-३२ होते.

चूक कुठे झाली ते कागदावरच सापडलं. उत्तरार्धात यजमानांचा एकटा उरलेला गडी बाद झाला, म्हणजे समोरच्यांना गड्याचा एक आणि लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद केल्याचे, दोन, असे तीन गुण. फळ्यावरच्या मुलानं बाद झालेला गडी पाहिला, एक गुण चढवला, आणि तेवढ्यात सातही जण पुन्हा मैदानात उतरून पुढची चढाई सुरू झाली. लोणाचे दोन राहून गेले. ही चूक लोणाच्याच वेळी होते, कारण त्या क्षणी मैदानावर सर्वांत जास्त धावपळ असते आणि लोणाचा इशारा पाठमोऱ्या पंचाकडून आलेला असतो. नंतरच्या पंधरा मिनिटांत फळा आणि कागद एकमेकांशी ताडायला कोणी गेलं नाही. दर पाच मिनिटांनी गुणलेखकानं फळ्याकडे नुसती मान वर करून पाहिलं असतं, तरी ते तिथेच पकडलं गेलं असतं.

सरपंचांनी दोन्ही कर्णधारांना टेबलापाशी बोलावलं. गडी, बोनस, लोण, तांत्रिक अशी फोड करून पूर्वार्धाची बेरीज, मग उत्तरार्धाची. सर पेन्सिलचं टोक एकेक आकड्यावर ठेवत मोठ्यानं वाचत होते. लोणाच्या खुणेपाशी पेन्सिल थांबली. यजमान कर्णधारानं ती खूण पाहिली, त्याला तो क्षण आठवला असावा, कारण त्यानं वाद घातला नाही. कपाळावरचा गुलाल मनगटानं पुसला आणि सही केली. निकाल कागदाचा असतो, फळा प्रेक्षकांच्या सोयीसाठी. त्या कागदाचा फोटो सह्यांसकट घेतला आणि दोन वाजता अमळनेर सोडलं.

दंगलीला वेळ अशी नसतेच. तीनला सुरू म्हणजे तीनला हलगी वाजते आणि लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. जोडी जागेवरच लागते: पंच दोघांना शेजारी उभं करून उंची आणि खांदे नजरेनं तोलतात, पटलं तर दोघांचे हात वर. वजनकाटा नाही, मिनिटांची मर्यादा नाही. म्हणून दंगल दिवसाच्या मध्यावर कधी ठेवू नये. तिच्यानंतरचं मैदान रात्रीचं हवं, दिव्याखालचं, म्हणजे तासभर मागेपुढे चालतं.

आपल्याकडची काळी माती आखाड्याला चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, सुकली की ढेकळं होतात आणि पाठीत रुततात. या गावानं नदीकाठची बारीक माती ट्रॉलीनं आणून, चाळून, वीतभर थर दिला होता. काम किती मनापासून केलंय ते मूठभर माती दाबून पाहिली की कळतं: मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच फुटावा.

बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी विजय चौधरींचं नाव होतं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या या मल्लानं २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मिळवली, आणि तेव्हापासून खानदेशातल्या वस्तादांची पोरांना सांगायची गोष्ट बदलली. कुस्ती कोल्हापूर-पुण्याचीच, हे वाक्य इथे आता ऐकू येत नाही. त्याचा आनंद आहे.

मानाची कुस्ती पावणेसहाला लागली. वीस मिनिटं नुसती खडाखडी. उजेड उतरत होता, कॅमेऱ्याचा आयएसओ ३२०० वर नेऊनही शटर १/५०० च्या वर जाईना. पंचांनी दोघांना थांबवून ‘आता गुणावर’ असं जाहीर केलं आणि त्यानंतर चौथ्याच मिनिटाला खाली घेतलेल्या मल्लावर घिस्सा डाव बसला. गर्दी आत घुसली. अशा वेळी नाचणाऱ्याकडे बघायचं नाही, हरलेल्याच्या पाठीकडे बघायचं. दोन्ही फऱ्यांवर, म्हणजे खांद्यांमागच्या हाडांवर, सारखी ओली माती लागलेली होती, मधे कण्याची रेघ कोरडी. चितपट. एकाच फऱ्यावर माती असती तर पंचांपुढे रात्र झाली असती.

नाव आणि गाव वस्तादांकडून लिहून घेतलं, लाऊडस्पीकरवरून नाही. पिंपरी, वडगाव, पिंपळगाव नावाची गावं तालुक्या-तालुक्यात आहेत. तालुका लिहिला नाही तर निम्मं गाव दुसऱ्याच पोराला हार घालतं.

गाडी काढताना चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, “भाऊ, अमयनेरले कोन जितनं?” निकाल सांगितला तर तो म्हणाला, “आठे तं येगळंच सांगी राह्यनात.” त्याच्या मोबाईलवर ३१-३० चा फळा होता, गुलालासकट.

धुळ्यात व्हॉलीबॉलचा शेवटचा दीड सेट मिळाला. पाचवा सेट १५ गुणांचा आणि दोनच्या फरकाचा, त्यामुळे उशिरा पोहोचूनही निकालाचा भाग हातून जात नाही. मैदानाच्या कडेलाच बसून चारही बातम्या लिहिल्या आणि दहाच्या आत पाठवल्या. कबड्डीच्या बातमीसोबत सह्या असलेल्या गुणपत्रकाचा फोटो जोडला आणि डेस्कला फोन करून सांगितलं की फळ्याचा फोटो आला असेल तर तो वापरू नका. आला होता, तीन ठिकाणांहून.

साडेदहाला अमळनेरहून विजेत्या कर्णधाराचा फोन आला. एवढंच विचारायचं होतं, “भाऊ, आकडा कोनता छापा?” त्याला तोच फोटो पाठवला, लोणाच्या खुणेभोवती गोल करून.