शनिवारी सीएसएमटी बघायला जाऊ नका: परभणीहून दोन दगडी इमारतींसाठी

आधी महत्त्वाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची जुनी इमारत आतून बघायची असेल तर सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. शनिवार-रविवार बंद. ज्या व्हिडिओच्या भरवशावर आम्ही तिकिटं काढली, त्यात तो माणूस छातीठोकपणे "कोणत्याही दिवशी या" म्हणत होता. आम्ही शुक्रवारी रात्री परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस धरली, शनिवारी सकाळी उतरलो आणि इमारतीतल्या म्युझियमच्या बंद दारासमोर उभे राहिलो. सोबत अण्णा, म्हणजे माझे वडील, वय पंचाहत्तर, आयुष्यभर गवंडीकाम केलेले.

मी स्लॅब आणि सेंटरिंगची कामं घेतो. या इमारतीचा घुमट सेंटरिंग, म्हणजे खालून तात्पुरता आधार, न लावता बांधलाय असं कळल्यापासून तो बघायचं डोक्यात होतं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "लोकं काहीबी सांगत्यात. जाऊन बघू." म्हणून गेलो.

आता टॅक्सी. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्याकडचा प्रत्येक माणूस इथंच फसतो. आपली गाडी लांबच्या गाड्यांच्या फलाटावर लागते. उतरल्यावर गर्दी ज्या बाजूला वळली तिकडे आम्हीही वळलो आणि मागच्या रस्त्यावर निघालो. तिथं एक टॅक्सीवाला पुढे आला. "स्टेशनची जुनी बिल्डिंग बघायचीय, समोरून," असं मी सांगितलं. तो म्हणाला, लांब आहे, वनवे आहे, साडेतीनशे होतील. अण्णांच्या हातात पिशवी, माझ्या खांद्यावर बॅग, रात्रभर धड झोप नाही. बसलो. दहा मिनिटं फिरवून त्यानं ज्या दारासमोर सोडलं, ते आम्ही उतरलो त्याच स्टेशनचं पुढचं दार! फलाटावरून आतल्या आत चालत आलो असतो तर पाच-सात मिनिटांत पोहोचलो असतो, फुकट. मीटर टाका म्हणालो होतो, तर "सकाळी मीटर चालत नाही" म्हणाला. असलं काही नसतं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, मीटर न टाकणाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. आणि त्या भागात रिक्षा चालत नाहीत, म्हणून रिक्षा शोधत उभं राहू नका, टॅक्सीवाले तेच हेरतात.

बरोबर रस्ता असा. गाडीतून उतरलात की इंजिनाच्या दिशेनं फलाटाच्या टोकापर्यंत चालत या. इथं रूळ संपतात, पुढे गाडी जातच नाही. रूळ संपले की उजवीकडे वळा. लोकलचे फलाट लागतील, १ ते ७. त्याच बाजूला जुनी इमारत आहे. कुणालाही "लोकलचं तिकीटघर कुठं" एवढंच विचारा. त्या तिकीटघराचं छतच बघण्यासारखं आहे, निळ्यावर सोनेरी चांदण्या, म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात. ते बघायला टूर लागत नाही. तिकिटाच्या रांगेतल्या माणसांपैकी एकानंही मान वर केली नाही. अण्णा मात्र मध्यात उभे राहिले आणि लोकांचे धक्के खात बघत राहिले.

शनिवार-रविवारी बंद का, हे तिथल्या पहारेकऱ्यानं एका वाक्यात सांगितलं: "काका, हे ऑफिस आहे." खरंच आहे. आपण याला स्टेशन समजतो, पण बाहेरून दिसणारी ही दगडी इमारत मुळात रेल्वे कंपनीचं मुख्यालय म्हणून बांधली. कंपनी होती जीआयपी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला. आज तिथं मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा आराखडा, १८७८ ला काम सुरू, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ ला तिचं नाव दिलं, १८८८ ला बांधकाम पुरं. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. साहेब येतात त्या दिवशीच आपल्याला आत सोडतात, एवढा साधा हिशेब.

आणि गंमत बघा, समोरच्या महापालिकेच्या इमारतीचं बरोबर उलटं आहे. तीही स्टीव्हन्सचीच. १८८४ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड रिपननं कोनशिला बसवली, १८९३ ला इमारत पुरी झाली. तिथं आठवडाभर पालिकेचं कामकाज, म्हणून वारसा फेरी फक्त शनिवारी आणि रविवारी. आधी ऑनलाइन नोंदणी लागते, ओळखपत्र लागतं. म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना एकाच माणसाच्या दोन इमारती, आणि दोन्ही एकाच दिवशी आतून बघता येत नाहीत. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जादा रात्रीचं लॉजचं भाडं वाचलं असतं.

शनिवारी दुपारी लॉजवर बसून रविवार सकाळची पालिकेची जागा मिळवली. तिकडे जाताना तो भुयारी मार्ग. स्टेशनसमोरचा रस्ता वरून ओलांडायचा विचारही करू नका, खालूनच जावं लागतं. खाली दुकानं, फेरीवाले, चार्जर-बेल्टवाल्यांची ओरड आणि बाहेर पडायचे इतके जिने की आम्ही दोनदा चुकलो. एकदा फोर्टच्या बाजूला निघालो, एकदा परत स्टेशनातच. दरवेळी जिना उतरा, चढा. गुडघे दुखणाऱ्यांनी हे धरून चला. पाट्या आहेत, पण गर्दीत त्या दिसायला उंची लागते. "महापालिका" असं विचारत जा, "बीएमसी" म्हटलं तरी चालतं.

पालिकेची इमारत चांगलीच आहे. मनोरा सव्वादोनशे फुटांहून उंच, सभागृह भारदस्त, माहिती सांगणारी मुलगी तयारीची. एकदा बघावी. पण माझं मन समोर अडकलं होतं. रविवारचा बाकीचा दिवस गेटवे, मरीन ड्राइव्ह, भेळ. मजेत गेला. अंधार पडल्यावर मात्र पालिकेच्या बाजूला या आणि स्टेशनची रोषणाई बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

सोमवारी तीनला आत गेलो. माणशी दोनशे रुपये घेतले. म्युझियममधल्या जुन्या वस्तू दहा मिनिटांत बघून होतात, तिथं वेळ घालवू नका. सरळ जिन्याकडे चला. घुमटाखालचा तो मोठा जिना एका बाजूनं भिंतीत रोवलेला आहे. दुसऱ्या बाजूला खांब नाही, तुळई नाही. प्रत्येक दगडी पायरीचं एक टोक भिंतीत आणि अंगाचा थोडा भार खालच्या पायरीवर. आज आम्ही असा जिना करायचा म्हटलं तर सळया मोजूनच घाम फुटतो. अण्णा चौथ्या पायरीपाशी वाकले. पायरी भिंतीत जिथं शिरते तिथं अंगठ्याचं नख लावून पाहिलं. नख आत गेलं नाही. मग त्यांनी करंगळीचं लावून पाहिलं. "चुना दिसत नाही रे कुठं," म्हणाले आणि तसेच वाकून बाजूच्या पायरीकडे सरकले. गाइड पुढे गेला होता, मी त्याला हात करून थांबवलं.

वर बघितलं तर रंगीत काचांतून आलेला उजेड आणि अष्टकोनी घुमट. त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाचा करून बसवल्यात, खालून आधार न देता. मी पंचवीस वर्षं बल्ल्या आणि पत्रे लावून स्लॅब टाकतोय. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. घुमटावर बाहेरून प्रगतीची मूर्ती उभी आहे, ती मात्र रस्त्यावरूनच नीट दिसते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. बाहेरच्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, पानं, पक्षी, माकडं अशी दगडात कोरलीत की दुर्बीण न्यायला हवी होती. तुम्ही न्या.

अण्णांनी जिन्यावरच गाइडला विचारलं, आमच्या परभणीची लाइन या कंपनीची होती का? नव्हती. आपली निजामाची, छोट्या रुळांची, मनमाडला येऊन संपायची. तिथं उतरून मोठ्या गाडीत बसायचं. अण्णा पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा असेच आले होते, डोक्यावर वळकटी घेऊन, आणि याच इमारतीच्या पोटातून बाहेर पडले होते. तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं म्हणाले, कामाच्या ठिकाणी वेळेत पोहोचायचं होतं.

आता तुम्ही कसं जावं ते सांगतो. गुरुवारी रात्रीची देवगिरी धरा. शुक्रवारी सकाळी सीएसएमटी. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका, पण बॅगेला कुलूप लागतं, नसेल तर घेत नाहीत. आम्हाला बाहेर जाऊन कुलूप विकत घ्यावं लागलं, म्हणून घरूनच न्या. सकाळी स्टार चेंबर आणि बाहेरची नक्षी बघा, ऊन चढायच्या आत. तीनला आतली टूर. एक रात्र लॉज, त्याचं भाडं आणि खोली सोडायची वेळ फोनवर नव्हे, मेसेजमध्ये लिहून घ्या. आमच्या लॉजवाल्यानं फोनवर चोवीस तास सांगितले आणि सकाळी दहाला दार वाजवलं. शनिवारी पालिकेची फेरी, आधी नोंदणी करून. शनिवारी रात्रीच परतीची देवगिरी. नांदेडची वंदे भारतही आहे, दुपारी पोहोचते, पण ती थोडी उशिरा आली की तीनची वेळ हुकते. त्या भानगडीत पडू नका. सुट्टीचा शुक्रवार असेल तर आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, ऑफिस बंद म्हणजे टूर बंद.

आणि गवंडीकाम, सुतारकाम केलेलं कुणी घरात म्हातारं असेल तर त्यांना घेऊन जा. जिन्यापाशी घाई करू नका, गाइड थांबतो.