आज दोन पिल्लं गेली

सकाळपासून गॅलरी ओकीबोकी वाटतेय. पाचातली दोन पिल्लं आज नव्या घरी गेली.

भर पावसात आमच्या जिन्याखाली सोसायटीतली कुत्री लाली व्याली. पाणी आत शिरायला लागलं, तेव्हा डोळे मिटलेल्या पाच गोळ्यांसकट तिला वर आणलं. बाराव्या दिवशी डोळे उघडले. सगळ्यात बारकं पिल्लू भावंडांच्या रेट्यात मागे पडायचं. त्याला रोज किचनच्या काट्यावर तोलायचे आणि आधी लालीच्या मागच्या सडाला लावायचे, तिथं दूध जास्त असतं. चौथ्या आठवड्यात मऊ भात आणि चिकनचं पाणी सुरू केलं. गाईचं दूध मात्र नाही, पिल्लांना त्यानं जुलाब होतात. दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध.

महिन्याचं पिल्लू मागायला कितीजण आले! मी दिलं नाही. किती जोरात चावलं की दुखतं, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं. आठ आठवडे झाले, पहिली लस झाली, मगच आज हो म्हटलं.

दोघांबरोबर गोधडीचा एकेक तुकडा दिला, आईचा वास असलेला. एका घरातल्या आजींनी बारक्याला पदरात घेतलं आणि तो तिथंच झोपला.

लाली दुपारभर दाराशी हुंगत होती. आता माझ्या पायाशी पडलीय.

तीन उरल्यात, तिन्ही माद्या. "नर नाही का?" विचारून लोक फोन ठेवतात. फार वाईट वाटतं. वेळेवर नसबंदीचं ऑपरेशन केलं की काहीच अडचण नसते हो. या, एकदा बघून तरी जा.