शाहू स्टेडियम: लेन्स तीच, जागा बदलून बघितली

मंडळी, कोल्हापूरच्या फुटबॉल फोटोंचं अपडेट. गियर तेच आहे, क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स, नवीन काही घेतलेलं नाही, या सीझनला फक्त उभं राहायची जागा बदलत गेलो आणि फरक लय पडलाय.

बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, आपल्याकडं टीम म्हणजे तालीम, पेठेतलं मंडळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असली नावं, मागं अख्खी पेठ, त्यामुळं मॅचला आलेला माणूस न्यूट्रल असणं अवघडच.

गोलमागं सगळेच बसतात, मीपण बसलो. जमिनीलगत कॅमेरा धरला की प्लेअर मोठा दिसतो आणि मागं भरलेल्या पायऱ्या येतात, हे झ्याक. कुंपणाच्या जाळीतून काढायचं असेल तर लेन्स जाळीला टेकवायची आणि अपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडायचं, तारा जवळजवळ गायब होतात. पण मैदान शंभरेक मीटर लांब, खेळ पलीकडच्या हाफात गेला की २५० ला पण माणसं बारकी दिसतात आणि आपण नुसतं बसून राहायचं. मग मी सरळ मागं वळून पब्लिक काढतो. जाळीला लटकलेली बारकी पोरं तर भारीच, यातलाच एखादा उद्याचा अनिकेत जाधव असंल काय म्हाईत (२०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला आपला कोल्हापूरचा पोरगा).

सेंटर लाइनवर मजा नाय. सगळी माणसं नुसती बाजूनं दिसतात, चला पुढं.

खरा नाद लागला तो कॉर्नर फ्लॅगच्या बाजूला वरच्या पायऱ्यांचा. खालून कॉर्नर किक म्हणजे नुसत्या पाठी दिसतात, वरून तेच बघा, कोण कुणाची जर्सी धरून ठेवलाय, गोलकीपर कोपरानं जागा करतोय, आणि एकजण सगळ्यांच्या मागनं हळूच निसटतोय ते सगळं एका फ्रेममध्ये. बॅकग्राउंडला फक्त मैदान, जाहिरातीचे बोर्ड नाहीत की फोनवर बोलणारे काका नाहीत. चारच्या मॅचच्या सेकंड हाफला ऊन तिरकं होतं तेव्हा सावल्या माणसापेक्षा लांब पडतात, ते फोटो मला गोलच्या फोटोपेक्षा आवडतात, मित्र म्हणतात चेहरे कुठायत. त्यांचंपण बरोबर असंल, पेपरात छापायला चेहराच लागतो, पण मला खेळ दाखवायचाय.

सेटिंग: शटर १/१००० सेकंदापेक्षा स्लो करत नाही, सूर्य पाठीशी, आयएसओ (सेन्सरची उजेडाची सेटिंग) ऑटो. संध्याकाळी ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे येतात, येऊ दे.

आता पेनल्टी शूटआऊट मिळाला तर किकरच्या मागनं, वरनंच काढायचाय. वरच्या गर्दीत मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) कुणी वापरलाय का? गोल झाला की सगळे उठतात, धक्के बसतात, तिथं हातानंच बरं वाटतंय मला.