तुम्ही विचारलंत म्हणून: खतातलं फॉस्फेट आणि एसटीची डबल बेल

गावी गेलं की काका एकदा तरी विचारतातच, "फॉस्फेट म्हणजे आपलं खतातलंच ना गं? त्याचं पेशीत काय काम?" इतरही बरेच जण विचारतात, फक्त खताचं नाव काढत नाहीत.

हो काका, खतातलंच. पेशीत ते एन्झाइमच्या, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणाऱ्या प्रथिनाच्या, अंगाला चिकटवतात, काम झालं की काढून घेतात.

माझे दिवस जातात ते आरएनए पॉलिमरेझ-२ या एन्झाइममागे. जनुकावरून आरएनएची प्रत काढणारं ते हेच. त्याला एक लोंबती शेपटी असते: सात अमिनो आम्लांचा तोच तो तुकडा, बेकरीच्या यीस्टमध्ये २६ वेळा, माणसात ५२ वेळा. जनुकाच्या तोंडाशी येऊन बसतं तेव्हा शेपटी कोरी असते. मग सीडीके-७ नावाचं दुसरं एन्झाइम तुकड्यातल्या पाचव्या जागेच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतं. पॉलिमरेझ निघतं, २० ते ६० अक्षरं लिहितं आणि पुष्कळ जनुकांवर तिथेच अडतं. अडवणारी प्रथिनं वेगळी. सीडीके-९ येऊन त्यांनाही फॉस्फेट लावतं आणि शेपटीतल्या दुसऱ्या जागेच्या सेरिनलाही. तेव्हा कुठे गाडी सुटते.

"म्हणजे स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभी एसटी," काका म्हणाले. "डबल बेल पडेपर्यंत हलायची नाही. पण मग डिझेल कशाला जाळायचं?"

प्रश्न रास्त आहे. एक तर थांबलेला वेळ फुकट जात नाही. पाचव्या जागेचं फॉस्फेट पाहून टोपी चढवणारं एन्झाइम येतं आणि नव्या आरएनएच्या टोकाला टोपी घालतं. बोडक्या आरएनएचा पेशीत निभाव लागत नाही. दुसरं म्हणजे घाई. फळमाशीला २५ अंशांवरून ३७ वर नेलं, की उष्णतेपासून वाचवणारं एचएसपी-७० जनुक एकदोन मिनिटांत धडाक्यात सुरू होतं, कारण पॉलिमरेझ आधीच तिथे उभं असतं. एचआयव्ही तर याहून डांबरट. त्याचं टॅट प्रथिन आपल्या पेशीतलं सीडीके-९ थेट स्वतःच्या जनुकांवर ओढून नेतं.

हे डोळ्यांना दिसतं ते वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन त्याला नेमकं चिकटणाऱ्या अँटिबॉडीने शोधायचं, त्या चाचणीत. खालचा पट्टा कोऱ्या शेपटीचा, वरचा फॉस्फेटवाल्या शेपटीचा. इथे ब्लॉकिंगला, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडद्याची रिकामी जागा झाकायला, नेहमीची दूध पावडर मी टाळते; दुधातल्या केसिनलाच फॉस्फेटं लगडलेली असतात, अँटिबॉडी तिकडेही चिकटू शकते. पहिल्या वर्षी मी पेशी फोडताना फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं द्रावण घालायला विसरले. फिल्म धुतली तर वरचा पट्टा गायब. मी खाली चहा पीत होते तेवढ्यात, बर्फात ठेवलेल्या ट्यूबमध्येच सगळी फॉस्फेटं उतरली होती.