तुम्ही विचारलंत म्हणून : "यात जिन कुठंय?"

बारच्या मागं उभा राहायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकतो. कुणी म्हणतं "यात जिन कुठंय", कुणी "व्हर्मुथच जास्त ओतलीस ना रे", मित्र तर सरळ म्हणतात की तू स्ट्राँग बनवायला घाबरतोस. घाबरत नाही हो. व्हर्मुथची, म्हणजे वनस्पतींनी सुगंधी केलेल्या वाइनची, जुनी कॉकटेल्स मुळात अशीच होती आणि मला ती अशीच आवडतात, म्हणून अशी बनवतो.

जेरी थॉमस या जुन्या अमेरिकन बारटेंडरच्या कॉकटेलच्या पुस्तकाची 1887 ची आवृत्ती घ्या. त्यात मार्टिनेझ या जिन-व्हर्मुथच्या कॉकटेलचं माप दिलंय, एक पोनी ओल्ड टॉम (किंचित गोड जिन), एक वाइनग्लास व्हर्मुथ, माराशिनो या चेरीच्या लिकरचे दोन डॅश, म्हणजे काही थेंब, आणि बोकर्स बिटर्स या कडू अर्काचा एक. पोनी म्हणजे एक औंस, वाइनग्लास म्हणजे दोन. आपल्याकडच्या हिशोबानं जिनचा स्मॉल आणि व्हर्मुथचा लार्ज! थॉमस 1885 लाच गेला होता, त्यामुळे हे माप त्याच्याच हातचं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण त्याच्या आधी 1884 ला बायरन नावाच्या लेखकाच्या कॉकटेलच्या पुस्तकात मॅनहॅटनचे (व्हिस्की आणि व्हर्मुथचं कॉकटेल) दोन प्रकार छापलेत, पहिल्यात फ्रेंच व्हर्मुथ व्हिस्कीच्या दुप्पट, दुसऱ्यात इटालियन व्हर्मुथ आणि व्हिस्की निम्मं-निम्मं, आणि मार्टिनेझबद्दल तो एका ओळीत उरकतो की मॅनहॅटनसारखंच, फक्त व्हिस्कीऐवजी जिन. पुढं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ॲडा कोलमन या बारटेंडरनं चार्ल्स हॉट्री या नटासाठी हँकी पँकी नावाचं कॉकटेल केलं, तेही जिन आणि इटालियन व्हर्मुथ समसमान, वर फर्नेट या कडू इटालियन लिकरचे दोन डॅश. अडोनिस आणि बांबू या कॉकटेल्समध्ये तर जिन नाही की व्हिस्की नाही, शेरी ही स्पॅनिश वाइन आणि व्हर्मुथ, वर बिटर्सचे थेंब. हे सगळे लोक काय दारू वाचवत होते का?

आता ज्या हॉटेलात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, ते हॉटेल. नाव नको, मी तिथून कधीच बाहेर पडलोय.

शनिवारची रात्र, काउंटर भरलेला, नेहमीचे एक काका टोकाच्या स्टुलावर. ते कायम मार्टिनी (हेही जिन-व्हर्मुथचंच) घ्यायचे, एकदम ड्राय, व्हर्मुथ जवळपास नाहीच. त्या दिवशी स्वतःहून म्हणाले की ते जुनं जुनं म्हणून सांगत असतोस ते दे बघू आज. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नवी बाटली फोडली, त्यांच्यासमोर पेगमेजरनं मापून मार्टिनेझ केलं, बर्फात नीट ढवळलं (पुस्तकात शेक करा म्हणतात, मी ढवळतो, त्यानं ते नितळ राहतं), लिंबाची फोड टाकली. काकांनी घोट घेतला, थांबले, परत घेतला आणि म्हणाले, "वा! हे काय आहे?" शेजारच्यांनाही वास घ्यायला लावला. ग्लासात तो जुन्या विटेसारखा तांबूस रंग, आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग मसाल्याचा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला राहणारा कडूपणा. अर्धा ग्लास संपला तेव्हा शेजारच्यानं विचारलं की यात आहे काय काय, आणि मी कौतुकानं सांगितलं, जिन तीस, व्हर्मुथ साठ.

काकांचा चेहरा बदलला. "म्हणजे लार्जचे पैसे घेऊन स्मॉल पाजतोस?" सगळ्या काउंटरला ऐकू जाईल असं. मी 1887 वगैरे सांगायला लागलो तर म्हणाले, "मापात पाप आहे हे, मला शिकवू नकोस." मॅनेजर धावत आला, सॉरी म्हणाला, आणि माझ्यादेखत बाटलीतून जिन थेट त्या ग्लासात ओतली, बर्फ नाही काही नाही, कोमट जिन. काकांनी तो एक घोट घेऊन तसाच ठेवला आणि निघून गेले. नंतर मागं स्टोअरमध्ये मॅनेजर मला म्हणाला की इथं हिशोब पेगवर चालतो, तुझ्या पुस्तकांवर नाही.

बारटेंडरला हाताला चव नाही म्हणा, चालेल. माप मारतो म्हणालात की संपलं. ते मला अजून लागतं.

तेव्हा मी काकांवर भयंकर चिडलो होतो. आज त्या तेव्हाच्या मलाच सांगावंसं वाटतं की अरे, त्यांचा संशय हवेतून आला नाही. आपल्याकडे माणूस परमिट रूममध्ये बसला की पहिली नजर मापाकडं जाते, कारण माप मारणारे असतातच आणि तो कधीतरी फसलेला असतो. पण तेव्हाचा मीही गप्प बसत नाही, तो म्हणतो की आकडा कळेपर्यंत त्यांना ते आवडलं होतं ना? जिभेनं पसंत केलेलं कानानं नापसंत केलं. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आणि व्हर्मुथ आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ताजी प्यायली आहे? ती वाइन आहे, थोडी दारू घालून ताकद वाढवलेली आणि वनस्पतींनी कडवट, सुगंधी केलेली. तूरीनच्या कार्पानोनं 1786 मध्ये विकायला काढली तेव्हाही वाइनच होती. उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. आपल्या बारमध्ये ती बल्बखाली शेल्फवर सहा-सहा महिने उघडी असते, आंबूस आणि बेचव होते, मग तीच थेंबभर घालून म्हणायचं की बघा, कमीच बरी. कमी घातली की बाटली संपत नाही, आणि संपत नाही म्हणून पुढच्याला आणखी शिळी मिळते.

बरं, मी देतो ते अगदी 1887 चं आहे असा दावा मी करत नाही. मूळ बोकर्स बिटर्स कधीच बंद पडलं, मी अँगोस्टुरा बिटर्स वापरतो. ओल्ड टॉम मिळाली तर मिळाली, नाहीतर साध्या जिनमध्ये चमचाभर साखरेचा पाक. मग "जुनं" म्हणायचा मला काय हक्क, असं एकानं विचारलं होतं, तो प्रश्न मला मान्य आहे. माप तेवढं जुनं आहे आणि मी तेच धरून बसलोय, कारण व्हर्मुथ अर्ध्याच्या खाली आणली की ते पेय माझ्यासाठी दुसरंच होतं.

सध्याच्या ठिकाणी मी ओतायच्या आधीच माप सांगतो. कुणी म्हणालं जिन वाढव, तर वाढवून देतो आणि हे मार्टिनेझ नाही असंही सांगतो. मेन्यूवर माप छापा म्हणून मी मालकाच्या मागं लागलोय, जे आहे ते उघड असू दे. तो म्हणतो, छापलंस तर कुणी मागवणार नाही. रात्रीचा हिशोब मीच लावतो, त्यामुळे तो का तसं म्हणतो तेही मला माहीत आहे. तरी मी परवा पुन्हा विषय काढला.