काटा थांबला तो बुधवार

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), पतसंस्था, कृषी केंद्रं आणि सेतू केंद्रांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. कापसाच्या हंगामात जिनिंगवरून फोन आला की हातातलं काम टाकून निघावंच लागतं. गाड्यांचं वजन करणारा काटा तासभर थांबला तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. गाडीभाडं वाढतं, सोबतच्या माणसाची मजुरी चढते, आणि फारच उशीर झाला तर थंडीत गाडीखाली मुक्काम करावा लागतो.

डिसेंबर 2024 मधल्या दुसऱ्या बुधवारी सकाळीच मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, काट्याचं कॉम्प्युटर वजनच घेऊन नाई रायलं. गाड्या पार रोडवर गेल्या." दुसरा बुधवार म्हटल्यावर माझ्या डोक्यात अपडेटच आलं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट सोडते, आणि आपल्याकडे ते पोहोचेपर्यंत बुधवार उजाडलेला असतो.

पोहोचलो तर फाटकाबाहेर ट्रॅक्टर, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती अशी रांग लागलेली. आतली अडचण जास्त मोठी होती. काही गाड्यांचं भरलेलं वजन आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर झालं होतं आणि कापूस गंजीवर खाली झाला होता. आता खाली गाडीचं वजन झाल्याशिवाय ना हिशेब होणार, ना ते घरी जाणार. काट्याच्या इंडिकेटरवर लाल आकडे व्यवस्थित दिसत होते. गाडी चढली की वाढायचे, उतरली की शून्य. पण तो आकडा कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हता. काट्याच्या प्रोग्रामची वजनाची चौकट कोरी होती.

मुनीमजींनी कच्चं पावतीबुक काढलं होतं. तिथे धोतर-टोपीतले एक काका अडून बसले. "हातची पावती मी घेत नाई. मशीनची द्या, नाईतर मी थांबतो." कोणी त्यांना समजवायला लागलं तर मी म्हटलं, काकांचं बरोबर आहे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. पावतीवर 20 किलो इकडचे तिकडे झाले तरी दीड हजार रुपये गेले. काट्यात मारण्याचे किस्से आपल्या भागात प्रत्येक घरात ऐकायला मिळतात. छापील पावती हा त्या माणसाचा एकमेव पुरावा असतो. सहा महिने रानात राबलेल्या माणसाने तो मागितला, तर त्यात हट्ट कसला?

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला. पोर्टच्या यादीत पिवळा त्रिकोण होता, आणि नावाच्या जागी चक्क एक वाक्य: ही चिप 2012 पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. कारण कळलं. इंडिकेटरमधून निघणारी सिरियल वायर नव्या कॉम्प्युटरला थेट लागत नाही, मध्ये यूएसबीची बदली केबल लावावी लागते. बाजारात मिळणाऱ्या अशा स्वस्त केबलींत बऱ्याचदा जुनी किंवा नकली चिप असते. नवा ड्रायव्हर, म्हणजे केबल चालवणारा छोटा प्रोग्राम, ती चिप ओळखतो आणि चालवायला साफ नकार देतो. रात्री रोजचा तक्ता पाठवायला मोबाइलचा हॉटस्पॉट लावला होता, तेवढ्या वेळात विंडोजने नवा ड्रायव्हर आणून बसवला. सुरक्षा अपडेटचा यात काहीच संबंध नव्हता. त्याच वाटेने आलेल्या ड्रायव्हरने काटा थांबवला होता.

उपाय लहान होता. ड्रायव्हर बदलायच्या खिडकीत गेलो, 'यादीतून मी निवडतो' हा पर्याय घेतला आणि 2008 सालचा जुना ड्रायव्हर निवडला. त्रिकोण गेला. पोर्टचा नंबर तोच राहिला, म्हणून काट्याच्या प्रोग्राममध्ये काही बदलावं लागलं नाही. काट्यावर उभ्या ट्रॉलीचं वजन पडद्यावर आलं. काका आत आले, आधी इंडिकेटरकडे बघितलं, मग पडद्याकडे. "तिकडं बी तेवढंच, इकडं बी तेवढंच? मंग काढा पावती." प्रिंटर करकरला आणि रांग हलली.

गर्दी ओसरल्यावर शेटजींनी बोलावलं. "हे अपडेट कायमचं बंद करून टाक न बाबू. कामाच्या टायमाले असं होत असंन तं मले नाई पायजे." मुनीमजींनी मोबाइलवर एक व्हिडिओही शोधून ठेवला होता, एका बटणात अपडेट कायमचं बंद करणाऱ्या टूलचा. हंगामात रांग लागलेल्या माणसाला असं वाटणं मी समजू शकतो. तरी मी नाही म्हणालो. त्या दिवशीचं माझं खरं काम त्या नकारापासून सुरू झालं, असं मी मानतो.

शेटजींना मी 2017 साल सांगितलं. त्या वर्षी 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक मोठं भोक बुजवणारं अपडेट दिलं. जवळपास दोन महिन्यांनी, 12 मे रोजी, वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांमध्ये ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, आणि आपल्या देशात आंध्र प्रदेशात पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. अपडेट हाताशी होतं, लोकांनी बसवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट शेटजींना जास्त लागली, कारण ती त्यांच्या धंद्यातली होती. त्याच वर्षी जूनच्या शेवटी नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. आपल्या भागातल्या कापसाच्या गाठी याही बंदरातून परदेशात जातात. नॉटपेट्याची सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेटच्या यंत्रणेतच विष कालवलं होतं. म्हणून अपडेट कोणाच्या हातून येतं, हेही बघावंच लागतं. व्हिडिओखालच्या लिंकवरून घेतलेलं टूल अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार मागतं, आणि ते कोणी बनवलं, त्यात काय आहे, हे सांगायला कोणी नसतं.

"मंग करायचं काय?" शेटजींनी विचारलं.

विंडोजला बाजूला ठेवून अपडेटचा कारभार दुसऱ्या साधनाच्या हाती देता येतो, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. मात्र प्रत्येक वेळी त्याची गरज नसते. काट्याच्या मशीनवर विंडोज 10 प्रो होतं, आणि अपडेटसोबत ड्रायव्हर घेऊ नकोस असं सांगायची सोय प्रोमध्ये आहेच. ती चालू केली. मोबाइलचं नेट मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, असं नोंदवलं. केबलही चांगल्या चिपची आणायला सांगितली.

पण मग महिन्याचं सुरक्षा अपडेट यायचं कसं? तिथे हॉटस्पॉटशिवाय नेट नाही, आणि एका महिन्याचं अपडेटच कित्येकशे एमबीचं. अशा जागांसाठी मी डब्ल्यूसस ऑफलाइन अपडेट हे जर्मनीत तयार झालेलं मोफत साधन वापरत आलो आहे. घरी चांगल्या नेटवर ते मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवरून फाइली उतरवतं. त्या पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आणि नेट नसलेल्या मशीनवर बसवायच्या. साधन बाहेरचं असलं तरी माल मूळ कंपनीचा, तिच्या सहीचा. काय घ्यायचं आणि कधी बसवायचं, तेवढं आपण ठरवायचं. जिनिंगसाठी ते रविवारी संध्याकाळी ठरलं, आवक नसताना, आणि बसवल्यावर रिकामी गाडी काट्यावर चढवून वजन तपासल्याशिवाय उठायचं नाही असंही.

पतसंस्थांच्या शाखांमध्ये बरं नेट असतं, तिथे वेगळी सोय बसते. अ‍ॅक्शनवनसारखी सेवा 200 मशीनपर्यंत फुकट आहे. दारव्ह्यात बसून कोणत्या शाखेच्या कोणत्या मशीनवर काय राहिलंय ते दिसतं, आणि कामकाज संपल्यावर पाठवता येतं. महिन्याच्या सुरुवातीला व्याजाची आणि वसुलीची गर्दी असते, तेव्हा मी काही पाठवत नाही. एका मशीनवर आधी बसवायचं, दोन-तीन दिवस बघायचं, मग बाकीच्यांना. ही शिस्त साधनापेक्षा मोलाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात अवघड मशीन जिनिंगमधल्या, कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसजवळचं होतं. 170 किलोच्या गाठींची लेबलं छापणारं. त्यावर विंडोज 7, आणि त्याचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही. विंडोज 7 ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबली, त्यामुळे पेन ड्राइव्हवर न्यायला नवं काही उरलंच नव्हतं. इथे मी झिरोपॅच सुचवलं. स्लोव्हेनियातली अ‍ॅक्रॉस सिक्युरिटी ही कंपनी ते चालवते आणि भोकं बुजवणारी ठिगळं स्वतःच बनवते. ही ठिगळं मशीनच्या मेमरीत, चालत्या प्रोग्रामला लागतात. डिस्कवरची मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि मशीन बंद-चालू करावं लागत नाही. ठिगळाने काही बिघडलं तर ते तिथल्या तिथे काढता येतं. गाठी बांधणं चालू असताना ही मोठी सोय आहे. मर्यादाही शेटजींना सांगितल्या. आधी मूळ कंपनीची शेवटपर्यंतची सगळी अपडेट बसलेली हवीत, ठिगळं घ्यायला मधूनमधून नेट द्यावं लागतं, आणि ते लोक प्रत्येक भोक बुजवत नाहीत, ज्यातून खरोखर हल्ला होऊ शकतो तीच निवडतात. शिवाय इथे विश्वास ठेवायचा तो तिसऱ्याच कंपनीवर. शेटजींनी थोडा विचार केला, पहिल्यांदा खर्च विचारला, आणि हो म्हणाले. ते मशीन मी बाकीच्या नेटवर्कपासून वेगळंही केलं.

आता हाच प्रश्न काट्याच्या मशीनपाशी आला आहे. विंडोज 10 ची सर्वसाधारण मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्या भागातल्या बऱ्याच मशीन त्यात बसत नाहीत, आणि काही विक्रेते सरसकट सगळं नवं घ्यायला लावतात. घरच्या मशीनला मायक्रोसॉफ्टची वाढीव अपडेट ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, खात्याला जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे न देताही. धंद्याच्या मशीनला मात्र पहिल्या वर्षाचे 61 डॉलर मोजावे लागतात, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी रक्कम दुप्पट होते. झिरोपॅचची प्रो सेवा वर्षाला साधारण 25 युरो आणि वर कर, आणि विंडोज 10 निदान पाच वर्षं सांभाळायचं त्यांनी जाहीर केलं आहे. जिनिंगच्या काट्यासाठी मी झिरोपॅचच सांगितलं. पतसंस्थेला मात्र नव्या मशीन घ्यायला सांगितल्या, कारण तिथे लोकांच्या ठेवी आहेत आणि तपासणीला येणारा माणूस मूळ कंपनीचा आधार मागतो. संचालकांनी टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरवलं आहे. आधी काउंटरवरच्या, मग मागच्या खोलीतल्या.