वीरगळाचा खालचा कप्पा

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की आवारात फरशी येते आणि कडेला उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, वीत-दोन वीत सिमेंटमध्ये जातात. दगड पडू नयेत, ओळीत नीट दिसावेत एवढाच हेतू असतो. पण वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या कप्प्यात लढाई आणि वीराचा मृत्यू, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. वरचे कप्पे बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. तो माणूस कशासाठी मेला हे फक्त खाली कळतं. गायी कोरल्या असतील तर गोधनासाठीची झुंज. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे, तीही खालच्याच भागात. म्हणजे आपण नेमकी आपल्या गावाची हकीकत गाडतो आणि सगळीकडे सापडणारं तेवढं उघडं ठेवतो.

सिमेंटचा दुसरा त्रास हळूहळू दिसतो. त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात, फरशीच्या जरा वर पाणी सुकतं आणि क्षारांचे खडे तिथेच फुगतात. झिजलेल्या, सच्छिद्र दगडाचे मग पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटनेही तेच होतं. ओल आत कोंडते आणि रंगाबरोबर कोरीवकाम निघून येतं.

नीट उभा करायचा तर आधी दगडाचा पाय बघा. बऱ्याच वीरगळांना खाली न कोरलेला भाग ठेवलेला असतो, तो पुरण्यासाठीच. खड्डा तेवढाच खोल घ्या. तळाशी सपाट दगड, भोवती दगडांच्या चिपा आणि वाळू घट्ट ठोकून भरा. सांधायचंच असेल तर चुना वापरा, पुढे कधी दगड काढावा लागला तर तो फोडावा लागत नाही. भोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पाय तुटलेला असेल तर कोरीव भाग पुरू नका, मागून दगडी आधार द्या.

हलवताना वजनाचा अंदाज हमखास चुकतो. ४ फूट उंच, दीड फूट रुंद, ८ इंच जाड बेसाल्ट तीनशे किलोंच्या वर जातो. जेसीबीची साखळी थेट गुंडाळली की कडा उडतात आणि जुनी चीर असेल तर दगड दोन तुकडे होऊन खाली येतो. गोणपाटाची जाड घडी, त्यावरून रुंद पट्टा, आणि खाली माती किंवा वाळूचा थर. खरं तर न हलवणंच उत्तम. वेशीवर, बांधावर, घाटाच्या तोंडाशी तो का उभा आहे, हीसुद्धा एक नोंदच आहे.

सफाईला साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, खाचांसाठी बांबूची काडी. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, धुण्याचा सोडा नको. घट्ट बसलेली दगडफुलं खरवडू नका, त्यांच्याबरोबर दगडाचा थर निघतो. शेंदराची पुटं चढली असतील तर तो दगड देव म्हणून पुजला जातोय. गावाने एकमताने ठरवल्याशिवाय हात लावू नये. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा असतो, त्याची धूळ विषारी. ते काम जाणकारांवर सोडा.

फोटो भर दुपारी काढले तर दगड सपाट दिसतो. सकाळी ऊन तिरकं असताना काढा, नाहीतर अंधारात एका बाजूने टॉर्च धरा. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि दगडाच्या चारही बाजू घ्या, कारण काही वीरगळ चारही अंगांनी कोरलेले असतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ भरू नका. आपण भरू तेच अक्षर पुढचा माणूस वाचतो. उंची-रुंदी-जाडी, कप्प्यांची संख्या, तोंड कुठल्या दिशेला, लोक त्याला काय म्हणतात, हे सगळं लिहा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री असेल तर गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी. लाजेपोटी तो पालथा घातलेला असतो, आणि लेख असला तर तो मातीकडे तोंड करून झिजतो.

नांगरताना किंवा पाया खणताना असा दगड वर आला तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जमिनीत दडलेल्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं शिल्प पुरावस्तू ठरतं. कळवण्याआधी, दगड जागेवर असतानाच, फोटो काढून ठेवा.